बाळंतिणींच्या खोलीत ऊन

मी ज्या प्रसूतिगृहात नोकरीची बहुतेक वर्षं काढली, ते कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत, तालमीच्या बरोबर समोर आहे. मधे एक रस्ता, आणि तोही असा की दुधाची गाडी आली तर रिक्षाने कडेला थांबावं. इकडे बाळं रडायची, तिकडे पोरं शड्डू ठोकायची. नव्या बाळंतिणी पहिल्या दिवशी त्या आवाजाने दचकायच्या आणि नंतर त्याच आवाजावर झोपायच्या.

मी मूळची आजऱ्याची. नर्सिंग शिकायला कोल्हापुरात आले ती इथलीच झाले. इन्चार्ज सिस्टर झाले तेव्हा माझ्या हाताखाली तीन-चार मावशी आल्या, पण त्यातल्या एका मावशींना 'हाताखाली' म्हणणं फक्त कागदावर शक्य होतं. त्या बाळांना अंघोळ घालायच्या. बुटक्या स्टुलावर बसून पाय लांब करायच्या आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालून असं पाणी ओतायच्या की रडणारं बाळ मधेच विचारात पडावं. पेठेतली निम्मी पोरं त्यांच्या नडग्यांवरून गेलेली. समोरच्या तालमीतला एखादा दांडगा पैलवान रस्त्यात दिसला की त्या हाक मारायच्या, "आरं, तुला पैली अंघोळ मी घातलीया. लई वरडत हुतास." पैलवान मान खाली घालून पळायचा.

आवाज मोठा, बोलणं तोंडावर. मोठ्या डॉक्टर मॅडमनाही त्या "मॅडम, चपला भाईर" म्हणायला कचरत नसत. मॅडम मुकाट्याने चपला बाहेर काढायच्या.

काही वर्षांपूर्वी शहरात महापालिकेचं एक नवं काम सुरू झालं. शाळा, दवाखाने, वाचनालयं, पाण्याचे पंप, रस्त्यावरचे दिवे, जिथे जिथे सगळ्यांच्या पैशाची वीज जळते तिथे जाऊन बघायचं, की ती कामाला लागते का नुसतीच जाते. शिवाय लोकांसाठी वॉर्ड ऑफिसात एक टेबल मांडलं होतं. तिथे पत्ता सांगितला की माणूस घरी येऊन पंखे, फ्रिज, पाण्याची मोटर बघायचा आणि काय करावं ते सांगायचा. मी ते टेबल येता-जाता पाहिलं होतं, पण आपल्याकडे त्यांनी बघण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

आमच्याकडे आली ती एक तरुण इंजिनिअर. शिरोळ तालुक्यातली, उसाच्या मळ्यातून आलेली, सडसडीत, केसांना नुसता रबर लावलेला. खांद्यावर पिशवी, पिशवीत मीटर. तिने मला नमस्कार केला आणि म्हणाली, "सिस्टर, मी सगळ्या खोल्या बघणार. तुम्ही तुमचं काम करा, माझ्याकडे लक्ष देऊ नका."

पण मी लक्ष दिलंच. ती मुलगी वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणींच्या खोलीत गेली, दारातच थांबली आणि वर बघायला लागली.

"सिस्टर, बाहेर एवढं रणरणतं ऊन आहे. मग आत सगळे दिवे का चालू?"

त्या खोलीत दिवे कायमच चालू असायचे. सकाळी आलं की बटणं दाबायची, हे हात आपोआप करायचे. खोलीला रस्त्याच्या बाजूने ओळीने मोठ्या खिडक्या होत्या, पण त्यांच्या काचांना खालपासून वरपर्यंत हिरवा रंग फासलेला होता. कुणी, कधी, हे मला माहीत नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हाही तो होताच. आमच्या खोलीत दुपारी बारालाही विहिरीच्या तळासारखा हिरवट अंधार असायचा, आणि त्या अंधारात आम्ही ट्यूब लावून बसायचो.

"हा रंग खरवडला तर दिवसा एकही दिवा लागणार नाही," ती म्हणाली.

मागून मावशींचा आवाज आला, "त्यो रंग न्हाय निघायचा."

"का हो मावशी?"

"समोर तालीम हाय. दिसंना का तुला? उघड्या अंगाची पोरं हिकडं-तिकडं करत्यात. आत बाळंतिणी पदर सोडून बाळास्नी पाजत्यात. काचा उघड्या टाकून काय तमाशा लावायचाय?"

इंजिनिअर बाईने समजावलं की खालची तावदानं तशीच ठेवू, फक्त वरची साफ करू, रस्त्यावरून काय, तालमीच्या पायरीवरूनही आतलं माणूस दिसणार नाही. मावशी ऐकेनात. "वरचं काय आन् खालचं काय. पोरं झाडावर चढत्यात."

आमच्याकडे एक गोष्ट बोलली की ती संध्याकाळपर्यंत पेठेत सगळ्यांना कळते. ही तर त्याआधीच पोचली, आणि पोचताना वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधांची कपाटं लावत होते तर दारात तालमीचे वस्ताद उभे. साठीच्या पुढचे, मान आणि खांदे एकच असलेले, डोक्याला फेटा. बायाबापड्यांच्या दवाखान्यात यायचं म्हणून बिचारे उंबऱ्याबाहेरच थांबले होते. पण आवाज आत आला.

"सिस्टर, आमच्या पोरांवर काय बालंट आलंय म्हनं?"

मी म्हटलं, "वस्ताद, बालंट वगैरे काही नाही. काचांचा रंग काढायचा विषय आहे."

"न्हाय, न्हाय. आमची पोरं बाळंतिणींच्या खोलीत डोकावत्यात, असं कोन म्हनालं? नाव सांगा."

मावशी जिन्यावरून उतरत होत्या. लपायचा स्वभावच नव्हता. "मी म्हनाले. काय म्हननं हाय?"

वस्तादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. समोर मावशी असतील हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मग वस्ताद आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, आमची पोरं ह्या दारावरनं जाताना खाली मान घालून जात्यात. तालमीचा तसा नियमच हाय. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

"म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय. बाई मानसाला वाटतंय ते वाटतंय."

वस्तादांनी फेटा सारखा केला. "बरं. किती काचा हायत?"

"कशाला?"

"आमचीच पोरं खरवडून देतील. वरच्या काचंला हात पोचाय उंची लागती. तुमच्यात हाय का कोन उंच?"

आमच्यात खरंच कुणी उंच नव्हतं. मावशी तर टेबलावर उभ्या राहिल्या तरी खालच्या तावदानाच्या पुढे जाणार नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टर मॅडमकडे पाहिलं. मॅडम केव्हापासून जिन्याच्या वर उभ्या राहून तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. "करू द्या की," त्या म्हणाल्या. "पण आधी खोली रिकामी करा."

बाळंतिणींना एका सकाळी मागच्या खोलीत हलवलं. पैलवान आले ते अंघोळी करून, स्वच्छ सदरे घालून, एका ओळीत. लग्नाला आल्यासारखे. वस्तादांनी त्यांना जुनी ब्लेडं आणि लाकडाच्या पट्ट्या दिल्या. आत शिरताना दारात सगळ्यांनी चपला काढल्या, मावशींनी सांगायच्या आधीच. मग ते काचांना भिडले. मातीत एकमेकांना आपटणारे हात ते, पण काच तडकू नये म्हणून असे हळुवार चालत होते की मला हसू यायला लागलं. एकाने तर मला विचारलं, "सिस्टर, जोर लावला तर चालंल काय?" मी म्हटलं, "अजिबात नाही." तो म्हणाला, "मग आवघड हाय."

वाळलेल्या हिरव्या रंगाच्या सालपटांचा जमिनीवर खच पडला. एकेक तावदान मोकळं व्हायचं आणि उन्हाचा एक चौकोन खोलीत येऊन पडायचा. इंजिनिअर बाई मधे उभी राहून एकेक दिवा बंद करत होती. शेवटचा बंद केला तेव्हा कुणाला कळलंही नाही, कारण खोलीत आधीच लख्ख झालं होतं.

मावशींनी पोरांसाठी चहा टाकला. पैलवान चहा घेईनात. वस्तादांच्या देखत तर नाहीच. मग मावशींनी गल्लीतून दूध मागवलं, त्यात साखर घातली आणि एकेकाच्या हातात पेला देताना त्याचं तोंड निरखून सांगितलं, "तू फलान्याचा. तू लवकर आलास, आटव्या म्हैन्याचा." तो आठव्या महिन्याचा पेल्यासकट दाराआड झाला.

दुपारी बाळंतिणी परत आल्या. कोपऱ्यातल्या कॉटवर गडहिंग्लजकडची एक मुलगी होती, पहिलटकरीण. तिने बाळाला मांडीवर घेतलं आणि एकदम ओरडली, "सिस्टर! ह्येचं कान बगा!" मी धावत गेले, म्हटलं काय झालं. तर ती हसत होती. "आमच्या दादागत कान हायत. मला इतकं दिवस दिसलंच न्हाईत."

मला मात्र दुसरंच काही दिसत होतं. कोपऱ्यांतली जळमटं, पंख्यांच्या पात्यांवरची काळी किनार, कॉटखालचे डाग. आम्ही रोज पुसत होतो आणि रोज हे राहत होतं. त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी मिळून खोली घासली. डॉक्टर मॅडमनीही हातात फडकं घेतलं. इंजिनिअर बाईच्या अहवालात ह्याचा उल्लेख आला नसणार.

काचांचा विषय मिटला आणि पाण्याचा निघाला.

बाळांची अंघोळ खालच्या मजल्यावर, मागच्या अंगाला एका अंधाऱ्या मोरीत व्हायची. फार पूर्वी तिथे परसात तांब्याचा बंब होता, लाकडं जळायची, म्हणून मोरी तिथे. बंब गेला, लाकडं गेली, त्याच जागी विजेचे मोठे गीझर आले, पण मोरी तिथेच राहिली. वरच्या मजल्यावरून बाळं दुपट्यात गुंडाळून जिना उतरवायची, अंघोळ घालून पुन्हा जिना चढवायची, हे आमचं रोजचं चाललेलं. गीझर पहाटेपासून दुपारपर्यंत चालायचे. इंजिनिअर बाईने मीटर लावून पाहिलं आणि म्हणाली की तुमच्या सगळ्या इमारतीत सगळ्यात जास्त वीज खातात ते हेच.

मग गच्चीवर उन्हावर पाणी तापवणारी यंत्रणा आली. काळ्या नळ्यांच्या ओळी आणि वर एक गोल टाकी. मावशी ती बघायला गच्चीवर गेल्या नाहीत.

"उन्हानं तापलेलं पानी गरम असंल," त्या मला म्हणाल्या, "पर त्यात ऊब न्हाय. जाळावरचं पानी अंगात मुरतंय. ह्ये नुस्तं वरवरचं."

"मावशी, गीझरचं पाणी तरी कुठं जाळावरचं असतं?"

"त्याला मी कवा चांगलं म्हनलं?"

पहिल्या सकाळी सगळे मोरीत जमलो. डॉक्टर मॅडम, मी, दोन नर्सा, यंत्रणा बसवणारा माणूस आणि इंजिनिअर बाई. तिने येताना पेढे आणले होते. मावशी स्टुलावर पाय लांब करून, पदर खोचून तयार. इंजिनिअर बाईने नळ सोडला. मावशींनी धारेखाली हात धरला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. त्यांनी बराच वेळ हात तसाच ठेवला आणि मग शांतपणे म्हणाल्या,

"आलं बगा. पंचगंगेचं."

बादली भरली, ती ओतली, दुसरी भरली. पाणी गारच. पुढे कधीतरी कोमट आलं, मग कढत. तोवर मावशींनी एका बाळाचं दुपटं सोडून पुन्हा बांधलं होतं. गच्चीपासून मोरीपर्यंतचा पाइप एवढा लांब होता की गरम पाणी येईपर्यंत आधीचं सगळं थंड पाणी ओतून द्यावं लागत होतं, आणि मधे नळ बंद केला की पाइपातलं पुन्हा निवत होतं.

पेढ्यांचा पुडा कुणी उघडला नाही. मला त्या मुलीची फार दया आली. यंत्रणा बसवणारा माणूस पाइपावर काय काय गुंडाळता येईल ते सांगत होता, पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती मोरीकडे, जिन्याकडे आणि मावशींकडे बघत होती. जाताना एवढंच म्हणाली, "मावशी, उद्या अंघोळीच्या वेळी मी येऊन बसू काय?"

"बस की. मोरी काय माज्या बापाची हाय?"

ती आली. पालथ्या बादलीवर बसली. आधी नुसतं बघत होती, पण मावशींच्या राज्यात नुसतं बघणारं माणूस टिकत नसे. "बसलीयास तर टावेल धर," मावशी म्हणाल्या. थोड्या वेळाने, "त्येचं डोस्कं धर. तसं न्हवं, तळव्यात." इंजिनिअर बाई आयुष्यात पहिल्यांदा एवढं लहान मूल हातात धरत असावी. पुढचे काही दिवस ती रोज येत राहिली. बाळं जिन्यावरून खाली आणणाऱ्या नर्सेबरोबर तीही वर-खाली करायची. मावशी तिला 'बाई' म्हणायच्या त्या 'पोरी' म्हणायला लागल्या.

एका सकाळी अंघोळी आटोपल्यावर तिने विचारलं, "मावशी, मोरी वर हलवली तर?"

"वर कुटं?"

"ते तुम्हीच सांगायचं. मला फक्त टाकीच्या जवळ पाहिजे. जागा तुमची."

मी तेव्हा तिथे होते, आणि मला वाटलं होतं की आता मावशी त्या पोरीला फाडून खाणार. इतक्या वर्षांची जागा. पण मावशी उठल्या, साडी झटकली आणि जिना चढायला लागल्या. आम्ही दोघी मागे. त्यांनी वरच्या सगळ्या खोल्या पाहिल्या. सामानाची खोली बघून म्हणाल्या, "हितं वारं लागतंय." नर्सांची खोली बघून म्हणाल्या, "हितं ऊन न्हाय." शेवटी एका दारासमोर थांबल्या, दार ढकललं आणि म्हणाल्या,

"ही."

आत डॉक्टर मॅडम खुर्चीवर बसून एका पेशंटचा केसपेपर बघत होत्या. ती त्यांची तपासणीची खोली होती. पूर्वेची खिडकी, कोपऱ्यात बेसिन, वर बरोबर टाकी.

"मॅडम, उटा जरा," मावशी म्हणाल्या. "मोजाय पायजे."

मॅडमनी चष्मा काढला. इंजिनिअर बाईने घाईघाईने सगळं सांगितलं: टाकी, पाइप, बाळांचा जिना. मॅडम ऐकत होत्या, आणि त्यांची नजर समोर बसलेल्या पेशंटवर गेली. नववा महिना लागलेली बाई, जिना चढून आल्यामुळे अजून धापा टाकत होती.

"मला एक सांगा," मॅडम म्हणाल्या, "ह्या बायका पोट घेऊन वर येतात आणि बाळं अंघोळीला खाली जातात. हे उलट व्हायला नको होतं का आधीच?" आणि स्वतःच पुढे म्हणाल्या, "शिवाय माझे गुडघे. मला खालचीच खोली बरी."

मॅडम खाली गेल्या. वरच्या खोलीत फरशी बसली, छोटी मोरी झाली, पाइप हातभर उरला. नळ सोडला की लगेच ऊन पाणी. पहिल्या दिवशी मावशींनी पुन्हा धारेखाली हात धरला आणि सरळ बाळ मागितलं. पूर्वेच्या खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या पसरलेल्या पायांवर होतं. अंघोळ झाल्यावर बाळ त्याच उन्हात पुसलं. इंजिनिअर बाई दारात उभी होती. "ऊब हाय काय मावशी पाण्यात?" तिने विचारलं.

"टावेल दे," मावशी म्हणाल्या.

आमच्याकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य तोंड दाखवत नाही. त्या दिवसांसाठी टाकीत विजेची एक कॉइल होती आणि तिचं बटण मोरीच्या भिंतीवर. ते बटण आपोआप मावशींच्या ताब्यात गेलं. ढगाळ सकाळी त्या आधी कोपर पाण्यात बुडवायच्या आणि मग निकाल द्यायच्या. "चालतंय. बटन नगं." किंवा, "लावा, पर मी सांगंपातूर." एकदा एका नव्या नर्सेने न विचारता बटण दाबलं, तर मावशींनी तिला एवढं ऐकवलं की ती रडत माझ्याकडे आली. ज्यांनी यंत्रणेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांनीच आता तिची राखण मांडली होती.

ती राखण मोरीपुरती राहिली नाही. पॅसेजमधे नातेवाईक उठून गेले आणि पंखा फिरत राहिला, की मावशी तिथूनच ओरडायच्या, "पंखा कुनासाटनं फिरतोय? भुतासाटनं?" एक दिवस रस्ता ओलांडून तालमीत गेल्या आणि दारावरचा दिवा दिवसाढवळ्या जळतोय म्हणून वस्तादांनाच सुनावून आल्या. वस्तादांनी दिवा बंद केला आणि म्हणाले, "मावशी, आता आमचा शड्डू बी करंटावर चालतोय म्हनशील." ते त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं, पोट धरून हसत.

मग एके दिवशी मावशींनी इंजिनिअर बाईला बाजूला घेतलं. मी जवळच होते. मावशी हळू आवाजात बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

"पोरी, माज्या घरला येशील काय? लाईट बिल लई यायलंय. सुनंच्या मिक्सरनं आन् टीवीनं नुस्ता उच्छाद मांडलाय. तू सांगितल्यालं ती ऐकंल."

तिने वॉर्ड ऑफिसातल्या टेबलावर रीतसर मावशींचा पत्ता नोंदवला आणि रविवारी सकाळी आम्ही दोघी गेलो. मावशींचं घर दोन खोल्यांचं, झकपक. सून घरात होती, लाजरी पण डोळ्यांत हुशारी असलेली. इंजिनिअर बाईने पिशवीतून छोटा मीटर काढला. मिक्सर बघितला, टीव्ही बघितला, पंखे बघितले. मावशी प्रत्येक वेळी "बग, बग" म्हणत सुनेकडे बघायच्या. सगळ्यात शेवटी ती फ्रिजपाशी आली.

फ्रिज मावशींचा लाडका. भिंत आणि कपाटाच्या मधे घट्ट कोंबलेला, मागे बोट जाईना, वर क्रोशाचं आच्छादन, त्यावर देवीचा फोटो. इंजिनिअर बाईने कागदाची एक चिठोरी फाडली, फ्रिजच्या दारात धरली, दार लावलं आणि चिठोरी ओढली. ती अलगद बाहेर आली. तिने पुन्हा, दुसऱ्या बाजूने तेच केलं. पुन्हा बाहेर.

"मावशी, दाराचं रबर गेलंय. गार हवा सगळी बाहेर. फ्रिज दिवसभर नुसता धडपडतोय. आणि त्याला श्वास घ्यायला जागा नाही. भिंतीपासून सरकवा, रबर बदला. मिक्सर आणि टीव्हीचं काही नाही. ते खाऊन खाऊन किती खाणार!"

फ्रिज तिथे ठेवायचा हट्ट कुणाचा होता हे कुणी सांगायची गरज नव्हती. सून जमिनीकडे बघत होती, पण तिचे ओठ हसू दाबत होते. मावशींनी ते पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी होणार.

"चुकलंच की माजं," मावशी नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. "उगं तुला बोलत हुते. च्या टाक आता, आलं घालून. आन् त्यो मिक्सर लाव. पावन्यास्नी शेंगदाण्याची चटनी करून घाल."

सुनेने मिक्सर लावला. जरा जास्तच वेळ चालवला, असं मला वाटलं.

फ्रिज सरकला, रबर बदललं, आणि मावशींना चिठोरीचा नाद लागला. ज्याच्या घरी जातील त्याच्या फ्रिजच्या दारात चिठोरी. संक्रांतीला हळदीकुंकवाला माझ्याकडे आल्या. मी वाण द्यायला ताट घेऊन येते तर बाई स्वयंपाकघरात. पेठेतल्या आणि माझ्या कॉलनीतल्या दहा बायका बघतायत, आणि मावशींच्या हातात माझ्याच कॅलेंडरचा तुकडा, फ्रिजमधून सुळकन बाहेर आलेला.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "तुमचं बी गेलंय."

माझे यजमान बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. ते तिथूनच म्हणाले, "मी दोन वर्षं सांगतोय." त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. पण बायका एवढ्या हसल्या की मीही हसले. पुढच्या आठवड्यात त्यातल्या कितीतरी जणी वॉर्ड ऑफिसातल्या टेबलासमोर रांगेत दिसल्या. टेबलावरच्या माणसाने मला विचारलं, "सिस्टर, एकदम काय झालं हो?" मी म्हटलं, "हळदीकुंकू झालं."

वर्षभराने इंजिनिअर बाईची बदली पाण्याच्या उपसा केंद्रावर झाली. नदीवरचे मोठे पंप, त्यांची वीज वाचवायची. ती सांगायला आली तेव्हा मावशी अंघोळी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तितं बाळं न्हाईत," एवढंच म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "न्हाईत मावशी. पंप हायत. ते बी रडत्यात." मग मावशी हसल्या आणि बाळाच्या अंगावरचं पाणी निथळवून ओल्या हाताने तिच्या गालावरून हात फिरवला.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाच्या शाळेतले हेडमास्तर दवाखान्यात आले. शाळेत वीज वाचवण्याचा आठवडा करायचा होता आणि कुणीतरी त्यांना मावशींचं नाव सांगितलं होतं. मावशी आता निवृत्त झाल्यात, पण सकाळी मोरीत येतातच. एका दुपारी मी त्यांना घेऊन गेले. मावशींनी इरकल नेसली होती. पाचवीचा वर्ग, गच्च भरलेला. मावशी टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं ते तेव्हा पाहिलं. हातातला रुमाल पिळत होत्या. मग एकदम त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या ओरडल्या,

"कोन कोन पंखा बंद करून भाईर जातंय? हात वर करा!"

वर्गातले सगळे हात वर. मावशी खूश. हेडमास्तर खूश. मधल्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी हात खाली घेईना. मावशी म्हणाल्या, "बोल बाळ, काय म्हनतीस?"

मुलगी उभी राहिली. "मावशी, आमच्या वर्गातला पंखा दिवाळीपासनं बंदच हाय. आमी लई वाचवतोय."

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरची पोरं बाक वाजवायला लागली. हेडमास्तर लाल होऊन काहीतरी पुटपुटले, पंख्याचा कॅपॅसिटर गेलाय वगैरे. मावशी त्या पंख्याकडे बघत होत्या आणि त्यांचं पोट हसण्याने गदगदत होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सिस्टर, त्या पोरीला फोन लावा. पंपावर आसंना का, हितलं कुनाला तरी धाडंल."

मी वर्गातूनच फोन लावला. पलीकडे पंपांचा घर्र घर्र आवाज आणि त्यातून ती ओरडत होती, "सिस्टर, काय म्हणताय? ऐकू येईना!" मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांचा आवाज पंपांना पुरून उरला. दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसातून दोन माणसं आली आणि कमी वीज घेणारा नवा पंखा लावून गेली. पोरांनी तो बटण दाबून दाबून पाहिला. मधली सुट्टी झाली तेव्हा सगळे बाहेर पळाले, आणि ती दोन वेण्यांची मुलगी दारातून परत आली, बटण बंद केलं आणि मग खेळायला गेली. हे मला हेडमास्तरांनी सांगितलं. मी ते मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तिची बी अंघोळ मीच घातलीया की."